जोडीचा पार्ट घेऊन ये

ती घटना आठवली की आजही आधी माझ्या मुलीच्या घरातलं जेवणाचं टेबल डोळ्यांसमोर येतं आणि त्यावर ठेवलेला तो तीन पुडांचा स्टीलचा डबा. बत्तीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, दंगली सगळं पाहिलं, पण छाती अशी धडधडली ती त्या एका शुक्रवारी. तीही माझ्या हद्दीपासून समुद्रापलीकडे, ओमानमध्ये, जिथे अंगावर वर्दी नव्हती आणि हातात काडीचाही अधिकार नव्हता.

नावं कोणाचीच घेणार नाही. गरजही नाही.

तेव्हा मी सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मुलगी मस्कतला, अल् घुब्राला, भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. रीतसर परवानगी घेऊन महिन्याभराच्या अर्जित रजेवर मी तिच्याकडे गेलो होतो. जावई तेलाच्या साइटवर ड्युटीला. मी नुसता खायचो, झोपायचो आणि खिडकीतून गाड्या मोजायचो. पोलिसाला रजा पचत नाही हो. तिसऱ्या दिवसापासून माझा जीव नुसता वळवळायला लागला होता.

आदल्या शुक्रवारी आमच्या तालुक्यातली मंडळी एका घरी जमली होती. कोणीतरी सगळ्यांसमोर मोठ्याने ओळख करून दिली, "हे आमचे इन्स्पेक्टर साहेब." तेव्हा कोपऱ्यात एक चाळिशीचा, काळासावळा माणूस पोहे खात बसला होता. सहमच्या सनायात, म्हणजे तिथल्या वर्कशॉपच्या वस्तीत, लेथवर टर्नर होता. पंधरा वर्षं तिथेच. माझ्याकडे चार-पाच वेळा बघितलं त्याने, पण बोलला नाही. अशी नजर मला ओळखीची असते. काहीतरी सांगायचं असलेला माणूस पोलिसाकडे असाच बघतो.

आठवड्याने, शुक्रवारी दुपारी बाराच्या सुमाराला दारावरची बेल वाजली. दारात तोच. घामाने डबडबलेला, छातीशी डबा धरलेला.

मुलगी म्हणाली, "अहो, बसा ना. जेवूनच जा आता."

"जेवण नको ताई," तो म्हणाला, आणि माझ्याकडे वळून, "साहेब, ह्या तुमी बगा. माका भिया वाटता."

त्याने डबा टेबलावर ठेवला आणि मधला पूड उघडला. आत कॉटन वेस्टच्या, म्हणजे वर्कशॉपात हात पुसायच्या सुताच्या, गुंडाळीत वीतभर लांबीची, काळी, जाड नळी होती. दोन्ही तोंडं उघडी, एका तोंडाला आतून आटे. मी खुर्चीत बसलो होतो तो ताडकन उभा राहिलो. प्रशिक्षणात एकदा शस्त्रागारात मी तशी वस्तू पाहिली होती. पिस्तुलाच्या तोंडाला लावायचा सायलेन्सर.

"हात लावू नका कोणी!" मी ओरडलोच. मुलीच्या हातातला तांब्या पडता पडता राहिला.

मग माझा पारा चढला. "अरे शहाण्या, हे घेऊन तू सहमहून इथे आलास? कशातून?"

"शेअर टॅक्सीतून साहेब. डबो मांडयेवर ठेवलंय."

दोनशे किलोमीटर! परक्या मुलुखात, मांडीवर असली वस्तू घेऊन, चार अनोळखी माणसांबरोबर! वाटेत एखाद्या नाक्यावर गाडी थांबवली असती तर हा माणूस आयुष्यातून उठला असता. आणि आता ती वस्तू माझ्या मुलीच्या घरात, चटणीच्या बरणीशेजारी होती. पण त्याच वेळी, खरं सांगतो, अंगात वीज खेळली. पंधरा दिवसांनी पहिल्यांदा मी जागा झालो होतो.

मुलीला मी नातीला घेऊन खालच्या मजल्यावर पाठवलं. तिथे वसईचे एक कॅथलिक गृहस्थ राहायचे. वीस वर्षं तिथल्या ऑफिसात काढलेली, अरबी अस्खलित. त्यांना बोलावलं. ते येईपर्यंत मी टर्नरला समोर बसवलं, पाणी दिलं आणि जबाब घ्यायला सुरुवात केली. स्टेशन डायरी नव्हती, नातीची चौकटीची वही होती.

त्याने सांगितलं ते असं. बुधवारी एक गिऱ्हाईक आलं. नीटनेटका माणूस, चष्मेवाला, हिंदी बोलणारा. म्हणाला, कंप्रेसरचा सायलेन्सर आहे, तिरका बसतो आणि गरम झाला की सैल होतो, दुरुस्त करून दे. शनिवारी सकाळी दहाला येतो. तो गेल्यावर टर्नरने आत बॅटरी मारून पाहिलं तर आत ओरखडा, त्यात पिवळट चमक, आणि वास फटाक्यासारखा. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, यातून गोळी गेलीय.

"म्हणजे हा जॉब तुझ्याकडे पहिल्यांदाच आला?"

"होय साहेब. बुधवारीच. आदी कदी नाय."

फार पटकन म्हणाला. खरं बोलणारा माणूस जरा आठवून सांगतो, अडखळतो, तारीख चुकवतो. पाठ केलेलं उत्तर मात्र प्रश्न संपायच्या आत येतं. मी मोबाइलची बॅटरी लावली, मुलीच्या स्वयंपाकघरातला चिमटा घेतला आणि वेस्ट थोडं बाजूला सारून, नळीला बोट न लावता, तोंडाशी आत पाहिलं. आट्यांजवळ हत्याराच्या खुणा होत्या. एका जागी नाही, दोन जागी. एक खूण चकचकीत, ताजी. दुसरी तशीच, त्याच हाताची, पण तिच्यावर काळी पुटं चढलेली.

मी चिमटा खाली ठेवला. "ही चकचकीत खूण तुझी?"

"होय."

"आणि ही काळी?"

तो डब्याचं झाकण उगाच पुसायला लागला.

"हे बघ. त्या खुणेवर धूर बसलाय. म्हणजे ते काम झालं, मग याच्यातून गोळ्या गेल्या, आणि मग ही वस्तू पुन्हा तुझ्याकडे आली. तू मला बनवतोयस. माझ्याकडे एक वेळ चालेल. तिथले पोलीस अर्ध्या तासात हे ओळखतील, आणि मग तू खोटारडा ठरशील, साथीदार ठरशील. किती वर्षं आत जाशील हे मलाही सांगता येणार नाही. मुलं किती?"

"दोन. मोठी बारावीक आसा." आणि तो रडायला लागला. मोठा माणूस, तेलकट हातांच्या मुठी डोळ्यांवर दाबून रडत होता.

मग खरं बाहेर आलं. जॉब बुधवारी नव्हे, महिन्यापूर्वी पहिल्यांदा आला होता. त्याने साफ करून, बसवून दिला. दहा दिवसांनी गिऱ्हाईक परत. तक्रार तीच. याने पुन्हा काम केलं, या वेळी जास्त मन लावून. आणि बुधवारी तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा याने त्याच्यासमोरच आटे जरा घासून पाहिले; ती चकचकीत खूण त्याची.

"दुसऱ्या खेपेला तुला शंका आली नाही?"

"इली साहेब."

"मग? विचारलं का नाहीस, हे कशाचं आहे म्हणून?"

त्याने मान वर केली. त्या रडव्या चेहऱ्यावर एकदम राग आला. "जॉब परत इलो साहेब! माजो जॉब! पंधरा वर्सांत एक जॉब परत इलो नाय माजो. फोरमन हसलो माका सगळ्यांसमोर. माज्या डोक्यात एकच, फॉल्ट खंय आसा? दोन दीस जेवाक गेलंय नाय. वस्तू कसली आसा ता बगूचा सुचलाच नाय."

मी कपाळाला हात लावला. अहो, काय म्हणावं या माणसाला! मी आयुष्यभर पैशासाठी, बाईसाठी, दारूसाठी गुन्ह्यात ओढले गेलेले लोक पाहिले. हा पहिला, जो कारागिरीच्या मानापायी ओढला गेला. आमच्या कोकणातल्या कारागिराला एक खोड असते. सुतार असो, गवंडी असो, "तुझं काम बरोबर नाही" म्हटलं की तो मजुरी विसरतो, वेळ विसरतो, समोरचा कोण आहे तेही विसरतो. त्या चष्मेवाल्याने हे बरोबर ओळखलं असावं. दुसऱ्या एखाद्या टर्नरने आधी विचारलं असतं, हे आहे काय.

"मग सापडला का तुझा फॉल्ट?" मी चिडूनच विचारलं.

"सापडलो ना!" तो डोळे पुसत म्हणाला. "फॉल्ट नळयेत नाय. माजा काम सरळ आसा. ही जेका बसता, तो भागच वाकडो. म्हणान मी तेका बुधवारी सांगितलंय, जोडीचो पार्ट घेऊन ये. तो बगितल्याशिवाय मी परत हात लावचंय नाय. तो म्हणालो, ठीक, शनिवारी घेऊन येतो."

मी लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"काय म्हणालास? परत बोल."

"जोडीचो पार्ट घेऊन ये म्हटलंय. कुठलोय टर्नर तसाच सांगता साहेब. बोल्ट करूचो तर नट आणूक सांगतत."

टेबलावर मी असा हात आपटला की डब्याचं झाकण खाली पडलं. अहो, तो चष्मेवाला शनिवारी सकाळी दहा वाजता स्वतःच्या पायाने, स्वतःच्या हाताने पिस्तूल घेऊन येणार होता! नुसत्या नळीवर तो म्हणू शकला असता, मला काय माहीत, कंप्रेसरची आहे. पिस्तुलासकट सापडला की खलास. खबऱ्या लावून, सहा महिने पाळत ठेवून जे जमत नाही, ते या बाबाने एका वाक्यात करून ठेवलं होतं, आणि त्याला पत्ताही नव्हता.

वसईकर तोपर्यंत येऊन उभेच होते. सगळं ऐकून म्हणाले, "साहेब, वेळ घालवायचा नाही. इथे फोन करायला जितका उशीर, तितका संशय जास्त. मी करतो फोन."

टर्नर हात जोडून उभा राहिला. "माका आत टाकतीत साहेब."

तेव्हा मी बोलून गेलो. आजही ते वाक्य टोचतं. मी म्हणालो, "दोन्ही खेपांचं सगळं खरं सांग. काहीही लपवू नकोस. तुला काही होणार नाही. हा पोलिसाचा शब्द आहे."

कुठला पोलीस? टूरिस्ट व्हिसावर आलेला, मुलीच्या घरातला पाहुणा! पण त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला आणि खुर्चीत बसला.

दुपारी दोन अधिकारी साध्या वेशात आले. मोठा अधिकारी तिशी-पस्तिशीचा, शांत, इंग्रजी उत्तम. मी माझी ओळख दिली. तो आदराने उभा राहिला, हात मिळवला आणि म्हणाला की इथे तुम्ही आमचे पाहुणे आहात, म्हणजे कृपा करून मध्ये बोलू नका. मनातून मी चिडलो. पण मी त्याच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो, तेही इतक्या गोड शब्दांत नाही.

वसईकर दुभाष्याचं काम करत होते. टर्नरने सगळं सांगितलं. पहिली खेप, दुसरी खेप, लाज, फोरमनचं हसणं. एकदाही माझ्याकडे वळून पाहिलं नाही, एकही गोष्ट गाळली नाही. 'जोडीचा पार्ट' आला तेव्हा त्या अधिकाऱ्याची पेन्सिल थांबली. त्याने वर पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. दोन देशांचे पोलीस, पण तो चेहरा मला वाचता आला. त्याच्याही छातीत तेच चाललं होतं!

शनिवारचा सापळा ठरला. फोटो काढून नळी पुन्हा वर्कशॉपच्या फळीवर ठेवायची, टर्नरने लेथवर नेहमीसारखं उभं राहायचं. गिऱ्हाइकाने पार्ट हातात दिला की मशीन बंद करायचं. आवाज थांबला की आत शिरायचं. मी विचारलं, मला तिथे येता येईल का? अधिकारी हसला. समोर एक चहाचं दुकान आहे, म्हणाला, तिथे चहा प्यायला कोणालाही बंदी नाही.

सकाळी साडेनऊला वसईकर आणि मी सहमच्या त्या दुकानात बसलो. समोर धुळीचा रस्ता, पलीकडे वर्कशॉपचं अर्धं उघडं शटर, आतून लेथचा एकसुरी आवाज. पोलीस कुठे आहेत ते मला दिसत नव्हतं, म्हणजे काम चोख होतं. दहा वाजले. साडेदहा. अकरा. माझे सहा चहा झाले. वसईकर रोझरीचे मणी ओढत होते.

"येईल ना हो?" मी विचारलं.

"इन्शाल्ला," ते म्हणाले, आणि पुन्हा मणी.

सापळ्यात सगळ्यात वाईट असतं ते हे वाट पाहणं. डोक्यात नाही नाही ते येतं. त्याला कुणकुण लागली असेल. टर्नरची बोबडी वळली असेल. किंवा तो गोळ्या भरूनच आला तर? हा बापडा तिथे एकटा, हातात फक्त एक पाना. माझ्या शब्दावर उभा.

अकरा वाजून वीस मिनिटांनी एक पांढरी गाडी थांबली. चष्मेवाला. इस्त्रीचा शर्ट, हातात हत्यारांची पिशवी. दोन्ही बाजूंना बघून तो शटरखालून आत गेला.

लेथ चालूच.

एक मिनिट. दीड मिनिट. लेथ चालूच! मी अर्धा उठलो, वसईकरांनी मनगट धरून खाली बसवलं. दोन मिनिटं झाली. आत नक्की काहीतरी बिनसलं होतं, आणि मी रस्त्यापलीकडे चहाच्या पेल्यासमोर बसलो होतो.

आणि आवाज थांबला.

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. शेजारच्या टायरच्या दुकानातून तिघे, मागच्या पिकअपमधून दोघे. ना आरडाओरडा, ना गोळी. चष्मेवाल्याला बाहेर आणलं तेव्हा त्याचा चष्मासुद्धा जागेवर होता. वसईकरांनी माझी पाठ थोपटली, मी त्यांची. आम्ही दोघं पन्नाशीची माणसं रस्त्यात अक्षरशः नाचलो.

मग त्यांनी टर्नरला बाहेर आणलं. त्याच्याही हातात बेड्या होत्या.

मी धावलो. "हा तर तुमचा साक्षीदार! मी याला शब्द दिलाय!"

अधिकारी थांबला. शांतपणे म्हणाला, "तो शब्द तुम्ही दिलात. मी दिलेला नाही."

टर्नर गाडीत बसताना माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. तो अजूनही वाट बघत होता, साहेब आता काहीतरी करतील म्हणून.

मी नऊ दिवस काहीच करू शकलो नाही. रजा वाढवून घेतली. दूतावासाच्या रांगेत उभा राहिलो, अर्ज केले. त्याच्या बायकोचा गावाहून रोज फोन यायचा. "साहेब, तुमी सांगितल्यात म्हणान ते बोलले ना? मग कदी सोडतले?" रोज मी म्हणायचो, उद्या. खोटं बोलणाऱ्यांना हजार वेळा पकडलेला मी, रोज त्या बाईशी खोटं बोलत होतो, आणि माझी मुलगी शेजारी उभी राहून ऐकत होती.

त्याला सोडवलं ते माझ्या अर्जाने नाही. त्याच्या अर्बाबाने, म्हणजे तिथल्या मालकाने. सत्तरीचा म्हातारा, सहमला खजुराची बाग, वर्कशॉप त्याच्या नावावर. पंधरा वर्षांत टर्नरशी त्याचं बोलणं झालं असेल ते सलाम आणि पगार एवढंच. तो काठी टेकत पोलीस ठाण्यात गेला, मी जबाबदार म्हणाला, कागदावर सही केली आणि बाकावर बसून राहिला. चौकशीत टर्नरचा प्रत्येक शब्द खरा निघाला, दोन्ही खुणा जुळल्या, पैसे नेहमीच्या मजुरीएवढेच घेतलेले निघाले. खोटं एकही सापडलं नाही. दहाव्या दिवशी तो बाहेर आला आणि नोकरीवरही राहिला.

दारातच मी त्याला मिठी मारली. मग जे नऊ दिवस डोक्यात घोळत होतं ते विचारलं, "अरे, मशीन बंद करायला एवढा उशीर का केलास?"

तो ओशाळला. "साहेब, तेना पार्ट हातात दिलो. बगितलंय तर आटे वाकडे! मी म्हटलंय तसेच! मगे मी तेका दाखवत बसलंय, बग, फॉल्ट हयसर आसा, माजो नाय. तो पण वाकान बगी होतो. मगे एकदम आठवला, मशीन!"

मला हसावं की त्याच्या एक ठेवून द्यावी, कळेना. मी दोन्ही केलं.

निघायच्या आदल्या दिवशी तो अधिकारी भेटायला आला, खजुराचा डबा घेऊन. ते पिस्तूल कोणासाठी होतं हे त्याने सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, एक नाव ठरलेलं होतं आणि तो माणूस काल आपल्या मुलाच्या लग्नात जेवला. मग मी त्याला विचारलं, तुमच्या ठाण्यात टर्नर तो डबा घेऊन थेट आला असता तर? तो म्हणाला, आधी ऐकून घेतलं असतं, मग बेड्या घातल्या असत्या. आणि मलाच उलट विचारलं, "तुमच्याकडे?"

मी त्याच्यापुढे चहा सरकवला. उत्तर मला माहीत होतं.

त्याच्या सात वर्षं आधी माझ्याच ठाण्यात एक रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारा मच्छीमार, सकाळी आला होता. जाळ्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला गावठी कट्टा सापडला म्हणून, टोपलीत घालून, मासळीखाली लपवून. मी त्याचं अर्धं वाक्यही ऐकलं नाही. बेकायदा शस्त्र बाळगलं म्हणून आत टाकला. पंचनामा, मुद्देमाल, रिमांड, सगळं नियमाप्रमाणे. दीड महिना तो तुरुंगात होता आणि मला वरून शाबासकी मिळाली होती. पुढे कोर्टाने त्याला निर्दोष सोडलं. तो कट्टा समुद्रात कोणी टाकला, याचा तपास मी कधी केलाच नाही.

घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी मी साध्या कपड्यांत, एकटा, त्या रापणकराच्या घरी गेलो. तो अंगणात जाळं विणत बसला होता. मला बघितलं आणि सुई टाकून उभा राहिला. माझ्या तोंडातून शब्द निघायच्या आत दोन्ही रिकामे हात पुढे करून म्हणाला, "साहेब, माज्याकडे काय नाय. आता जाळ्यात कायय गावला तरी मी ता परत दर्यात टाकतंय. हयल्या सगळ्या मच्छीमारांकय मी ताच सांगितलंय."

मी माफी मागायला आलोय, हे त्याला पटायला अर्धा तास लागला. चहा त्याने दिला, पण स्वतः घेतला नाही. निवृत्त होईपर्यंत माझ्या ठाण्यात शस्त्र घेऊन आपणहून आलेल्या माणसाला मी आधी खुर्ची द्यायला लावली, त्याचं सगळं बोलणं स्वतः ऐकलं, आणि माझ्या हातात नसलेला शब्द पुन्हा कोणाला दिला नाही. पण त्या सात वर्षांत आमच्या किनाऱ्यावरच्या किती जाळ्यांतून काय काय वर आलं आणि माझ्या भीतीने परत दर्यात गेलं, याची नोंद माझ्या कुठल्याच डायरीत नाही.